बाजू ए, बाजू बी

आधी कॅसेट निवडा.

आज गुरुवार, ३१ जानेवारी २००८. तुम्ही एकवीस वर्षांचे आहात आणि सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरात माळ्यावर उकिडवे बसला आहात. दुपारचं लोडशेडिंग चालू आहे. खाली अण्णा चटईवर आडवे झालेत, छातीवर वर्तमानपत्र. तुमच्यापुढे त्यांची पत्र्याची पेटी उघडी पडली आहे. पेटीत कॅसेटी, डांबरगोळ्या आणि सुतळीने बांधलेली वीजबिलं.

सकाळभर तुम्ही नव्या पेठेत दुकानं पालथी घातलीत. एका दुकानदाराने कोऱ्या सीडींची चळत पुढे सरकवली आणि म्हणाला, "कॅसेट कोण घेतंय आता?" शेवटी एकच कोरी मिळाली, तीही साठ मिनिटांची. ती मित्राकडे दिलीत. तुम्हाला हवी सी-९०, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. तशी एक अण्णांच्या पेटीत आहे. पाठीवर त्यांचं टपोरं अक्षर: 'कोजागरी १९८४. ए: मारुबिहाग, अभंग. बी: मालकंस, भैरवी.'

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना दोन चिमुकल्या प्लास्टिकच्या चकत्या असतात. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. अण्णांनी दोन्ही मोडल्या आहेत. म्हणजे ह्याच्यावर कुणी काही भरू नये, असं त्यांनी तेवीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. तुम्ही त्या दोन भोकांवर चिकटपट्टी लावता. झालं, कॅसेट पुन्हा भरायला मोकळी. घरातला टेप बंद पडून काही वर्षं झाली. ही कॅसेट आता कोण ऐकणार, अशी स्वतःची समजूत घालता आणि पेटी बंद करता.

वर्तमानातून आलेले असल्यामुळे पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तरी हात थांबत नाहीत. भूतकाळात जायची मुभा मिळते, ढवळाढवळीची नाही.

रात्री सोलापूर स्टेशन. होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा नुकतीच होऊन गेली आहे, फलाटावर अजून एखाद्या पोराच्या हातात तिथली पिपाणी आहे. मुंबईची सिद्धेश्वर एक्स्प्रेस लागते, पुढे डिझेलचं इंजिन. मित्र धावत येतो. अंगात काळा टीशर्ट, पाठीला दप्तर. दप्तरात कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि तुमची ती सी-६०.

"रेकॉर्डर घेतलास का बे?"

घेतलाय. त्याच्याच मामांचा, बातमीदार असतानाचा. तळहाताएवढा, मोनो, माइक आतच बसवलेला. पेन्सिल सेल नवे घातलेत.

मित्र सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू बोलतात, बाहेर मराठी, आणि जागेपणी सगळा वेळ यंत्रमाग. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडची पहिली सीडी तुम्ही त्याला ऐकवलीत, तेव्हा तुम्हाला वाटलं होतं की तो कान झाकेल. तो म्हणाला, "आमच्या घरात हे रोज वाजतंय बे, तिकिटाशिवाय." त्यात थट्टा होती, पण हेवी मेटलचा जन्मही त्यात होता. हे संगीत कारखान्यांच्या गावातून निघालं. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १९६५ साली सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाशी तुटली. त्याने प्लास्टिक वितळवून टोपणं केली, बोटांवर चढवली, पुढे गिटारच्या तारा सैल लावल्या, आणि त्या जाड, खालच्या स्वरातून ब्लॅक सॅबथचा आवाज घडला. चिमण्यांच्या आणि भोंग्यांच्या गावातल्या पोराला त्यात परकं काय वाटणार?

गाडी कुर्डुवाडी सोडते. मित्र घोरतो. तुम्ही वरच्या बर्थवर रेकॉर्डर छातीशी धरून जागे आहात. तुमच्या आधी ज्यांनी चालू कार्यक्रम असे टिपले त्यांची हजेरी घ्यायला हीच वेळ बरी.

पहिला लायनेल मॅपल्सन. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल. १९०१ ते १९०३ या काळात तो एडिसनचा फोनोग्राफ घेऊन रंगमंचाच्या वरच्या पुलावर चढायचा आणि खाली चाललेलं गाणं मेणाच्या नळकांड्यांवर टिपायचा. तुकडे दोन-दोन, तीन-तीन मिनिटांचे, खरखर अशी की गाणं पावसापलीकडून आल्यासारखं. पण झां द रेश्के या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या टेनर गायकाचा आवाज आज ऐकायचा म्हटलं तर त्या नळकांड्यांशिवाय दुसरीकडे नाही. दुसरा माइक मिलर्ड, लॉस एंजेलिसचा. सत्तरच्या दशकात लेड झेपेलिनच्या कार्यक्रमाला तो चाकाच्या खुर्चीत बसून जायचा. चालता यायचं त्याला. खुर्ची होती ती नाकामिचीचा वजनदार टेपडेक लपवण्यासाठी. मेटालिकाने तर पुढे रेकॉर्ड करणाऱ्या प्रेक्षकांना वेगळी जागाच दिली.

आणि तिसरे अण्णा. मराठी घरांना हा माणूस नवा नाही. गवयाच्या पुढ्यात, तबलजीच्या पायाला लागणार नाही अशा बेताने टेप ठेवणारा, कॅसेट संपत आली की गुडघ्यांवर पुढे सरकणारा, दाद देतानाही 'वा' हलक्या आवाजात म्हणणारा. कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या खासगी मैफलींचा केवढा ऐवज अशाच लोकांनी राखला. कंपनीने तीन मिनिटांत किंवा वीस मिनिटांत बसवलेला राग तिथे तासभर हातपाय पसरतो.

मुंबई. वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान. शुक्रवार, १ फेब्रुवारी.

गेल्या वर्षी, १७ मार्च २००७ ला, आयर्न मेडन बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले. त्यांच्याआधी दिल्लीच्या परिक्रमा या बँडने वाजवलं. तुमची परीक्षा होती, तुम्ही गेला नाहीत. आजचा प्रसंग आणखी वेगळा आहे. एका मोठ्या जागतिक दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत आहे. बँड भाड्याने घेतलेल्या बोइंग ७५७ ने आलाय. विमानावर त्यांचं नाव रंगवलंय आणि पायलटच्या खुर्चीत त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन होता. तो धंद्यानेही वैमानिक आहे. इथून ते पर्थला जातील, मग पुढे. पंचेचाळीस दिवसांत तेवीस कार्यक्रम. आज कोणती गाणी होणार, हे मैदानातल्या कुणालाच नक्की माहीत नाही, कारण हा दौरा आजपर्यंत कुठे वाजलेलाच नाही.

तुम्हाला मात्र माहीत आहे. गप्प बसा.

फाटकावर झडती. रेकॉर्डर डाव्या मोज्यात, पोटरीला रबर लावून. रखवालदार खिसे चाचपतो, पट्टा चाचपतो, मित्राच्या दप्तरातली चटणीची पुडी उघडून वास घेतो आणि ठसकतो. चटणी बाहेर ठेवावी लागते. रेकॉर्डर आत जातो. कायद्याचं म्हणाल तर भारतात कलाकाराच्या सादरीकरणावरचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आला. त्याच कायद्याचं ३९ वं कलम स्वतःच्या खासगी वापरापुरतं केलेलं रेकॉर्डिंग त्या हक्काचा भंग मानत नाही. विकलंत तर गुन्हा. आयोजकांची मनाई ही त्यांच्या तिकिटाची बाब, म्हणून मोजा.

जागा नीट निवडा. सगळे पुढे धावतात, तुम्ही धावू नका. मंचासमोर मधोमध, बऱ्याच मागे एक मचाण आहे. त्यावर साउंडवाला बसतो. तो जे ऐकतो त्यावर सगळ्या मैदानाचा आवाज बेततो, म्हणून सर्वांत समतोल आवाज त्याच्या आसपास असतो. त्याच्या चार पावलं पुढे उभे राहा. रेकॉर्डर शर्टाच्या खिशात, माइकच्या भोकावर कापसाचा बोळा. कापूस नसेल तर ढोलाच्या पहिल्या ठोक्याला माइक गुदमरतो आणि पुढे नुसता भुसभुशीत गोंगाट उरतो.

मित्र म्हणतो, "मी पुढं चाललो बे." आणि गर्दीत शिरतो. त्याच्या दप्तरात तुमची दुसरी कॅसेट आहे. हे तुमच्या लक्षात येतं तेव्हा काळ्या टीशर्टांच्या मैदानात एक काळा टीशर्ट शोधायचा असतो.

भोंग्यांतून यूएफओ या जुन्या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागतं. मेडनच्या चाहत्याला ही तिसरी घंटा. टेप वाचवायची म्हणून अजून बटण दाबू नका. पडद्यावर विमान दिसतं, दिवे जातात, आणि मैदानभर एक म्हातारा, जड जिभेचा इंग्रज बोलू लागतो.

आता दाबा.

तो चर्चिल आहे, जून १९४० मधल्या भाषणातला. त्यानंतर 'एसेस हाय' सुरू होतं, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे, म्हणून हजारो मराठी, गुजराती, मल्याळी, नागा पोरं चर्चिलच्या नावाने आरोळ्या ठोकतायत. तुम्ही अशा गावचे आहात, जिथे मे १९३० मध्ये इंग्रजांची सत्ता तीन दिवस उरली नव्हती, मग लष्करी कायदा आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. चार हुतात्म्यांचे पुतळे ओलांडून तुम्ही कॉलेजला जाता. क्षणभर तोंडात आलेली आरोळी अडकते. मग तीन गिटारी एकदम कोसळतात आणि विचार करायला जागा राहत नाही.

तुमच्या खिशात काय चाललंय ते ऐका. या रेकॉर्डरला आवाजाची पातळी स्वतःच ठरवायची खोड आहे. बाहेर शांत झालं की तो कान टवकारतो, ठोका पडला की झाकून घेतो. त्यामुळे ड्रमर निको मॅकब्रेनच्या प्रत्येक ठोक्यामागे बाकीचं गाणं किंचित दबतं आणि पुन्हा वर येतं, जणू श्वास घेतंय. स्टीव्ह हॅरिसचा बेस घोड्यासारखा धावतो: एक लांब, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड. गणपतीच्या मिरवणुकीत ज्याने लेझीम हातात धरलीय, त्याच्या पायाला ही चाल शिकवावी लागत नाही.

'द ट्रूपर'. १८५४ च्या क्रिमियन युद्धातल्या घोडदळाचं गाणं. या गाण्याला डिकिन्सन लाल कोट चढवून युनियन जॅक फडकवतो, ही त्याची जुनी रीत. पुढे एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर बसलाय आणि तुम्हाला फक्त त्याची पाठ दिसते. हरकत नाही. टेपला झेंडे ऐकू येत नाहीत. टेपला ऐकू येतोय तुमच्या डावीकडचा माणूस. तो प्रत्येक ओळ अर्धी मात्रा आधी म्हणतो. त्याला तुम्ही मनातल्या मनात शिव्या घालताय. टिपणाऱ्याने गायचं नसतं, टाळी द्यायची नसते, शेजाऱ्याशी बोलायचं नसतं. मैदानातले सर्वांत सुतकी चेहरे टिपणाऱ्यांचेच.

घड्याळ बघा. सदतीस मिनिटं. कोलरिजच्या १७९८ च्या कवितेवर बेतलेलं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' सुरू होतंय. 'पॉवरस्लेव्ह' या अल्बमवर ते पावणेचौदा मिनिटांचं आहे. कॅसेट उलटायची तर मध्येच, कारण पाचेक मिनिटांनी गाणं थांबल्यासारखं होतं. जहाज वारा नसलेल्या समुद्रात अडकतं, गिटारी थिजतात, फक्त दोरखंडांची करकर आणि एक पुटपुटणारा आवाज. सबंध मैदान गप्प. टिपणाऱ्यासाठी ही देवाने दिलेली फट.

खट्. झाकण उघडा. कॅसेट बाहेर, उलटी, आत. अंधारात बोटांना घाम. झाकण बसत नाही. पुन्हा. बसलं. खट्. शेजारचा माणूस पहिल्यांदाच तुमच्याकडे वळून बघतो आणि हळूच हसतो.

बाजू ए वर अजून तीन मिनिटांची टेप शिल्लक होती. घाईत तुम्ही तो हिशेब केला नाही.

'पॉवरस्लेव्ह', 'हेवन कॅन वेट', 'रन टू द हिल्स'. मग 'फिअर ऑफ द डार्क'. या गाण्यात लोक शब्दच गातात असं नाही, गिटारची धूनही गातात, जगात कुठेही. आता इथे गातायत. तुम्ही ओठ मिटून उभे आहात, एक हात खिशावर. दुसऱ्या फेरीला तुमचा गळा तुमचं ऐकत नाही. खिशापासून तुमचं तोंड वीतभर दूर. पुढची सात मिनिटं टेपवर डिकिन्सनपेक्षा तुम्ही मोठे आहात, आणि बेसूर आहात.

'मूनचाइल्ड' अर्ध्यात असताना खिशातलं बटण टप्पकन वर येतं. टेप संपली. 'द क्लेअरव्हॉयंट' आणि 'हॅलोड बी दाय नेम' तुम्ही मोकळ्या हातांनी ऐकता. आज त्या दोन गाण्यांबद्दल विचारलं तर तुमचं आणि मित्राचं एकमत होत नाही. शेवटी डिकिन्सन काय म्हणाला, कुणी काय फेकलं, सगळ्यावर वाद. टेपवरच्या चौदा गाण्यांबद्दल कधीच होत नाही.

रविवार, ३ फेब्रुवारी. शुक्रवार पेठ. वीज आहे. मित्राने त्याच्याकडचा टेप आणून ओट्यावर ठेवलाय. तुम्ही कॅसेट लावता. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण सगळं आहे: चर्चिल, आरोळ्या, अर्धी मात्रा पुढे धावणारा तो माणूस. अण्णा आतून येतात, दारात उभे राहतात. तुम्हाला वाटतं, आवाज कमी कर म्हणतील. ते खांबाला टेकून ऐकत राहतात. थोड्या वेळाने विचारतात, "टेप कुठं ठेवला होतास?" खिशात, तुम्ही म्हणता. ते मान हलवतात. "कापूस लावलास ते बरं केलंस."

समुद्र थांबतो. दोरखंड करकरतात. खट्.

आणि तंबोरा.

अभंगाच्या शेवटच्या आवर्तनांत गवई स्वर लांबवतोय, कुणाच्या तरी बांगड्या वाजतायत, दुधाच्या पेल्यांचा आवाज. मग अगदी जवळून, माइकपासून वीतभर अंतरावरून, एक तरुण आवाज हलकेच म्हणतो, "वा!"

तो आवाज अण्णांचा आहे. तेवीस वर्षांपूर्वीचा.

तीन मिनिटं कुणी बोलत नाही. टेप संपून बटण वर येतं. अण्णा कॅसेट बाहेर काढतात, चष्मा वर करून स्वतःचं अक्षर वाचतात, चिकटपट्टीवरून नख फिरवतात. "भैरवी गेली म्हणायची," ते म्हणतात. तुम्ही मान खाली घालता. मित्र कधी नव्हे तो गप्प आहे. कोजागरीची भैरवी गेली आणि मुंबईची शेवटची दोन गाणी टिपलीच गेली नाहीत. दोन्ही मैफलींचे शेवट या कॅसेटवर नाहीत.

अण्णा शिलाई मशीनच्या खणातून पेचकस आणतात. तुम्हाला वाटतं, आता कॅसेट फुटणार. ते चिकटपट्टी सोलून काढतात, पेचकसाच्या टोकाने भोकांतला गोंद खरवडून साफ करतात. मग पेन घेऊन जुन्या ओळीखाली लिहितात: 'मुंबई, १ फेब्रुवारी २००८.' अल्पविरामासकट, तसंच टपोरं. "आता ह्याच्यावर काही भरू नकोस," एवढंच बोलून कॅसेट तुमच्या हातात देतात.

आता परत या.

२००९ मध्ये 'फ्लाइट ६६६' नावाचा चित्रपट आणि अल्बम आला, त्याच दौऱ्यावर, वेगवेगळ्या ठिकाणचं एकेक गाणं घेऊन. मुंबईचं म्हणून त्यात 'एसेस हाय' आहे, लखलखीत, बसवलेलं, ज्याचं त्याचं वाद्य ज्याच्या त्याच्या जागी. निको मॅकब्रेनने डिसेंबर २०२४ मध्ये साओ पावलोला शेवटचा कार्यक्रम करून दौऱ्यांतून निवृत्ती घेतली. त्या अल्बमात मुंबईचा त्याचा हात एका गाण्यापुरता आहे. बाकीचा अशाच कुणाकुणाच्या खिशातल्या फितींवर आणि फोनवर.

कंपनीच्या रेकॉर्डिंगमधून बँड कळतो. प्रेक्षकाच्या रेकॉर्डिंगमधून कळतं की ऐकणारा कुठे उभा होता, शेजारी कोण होतं, कोण बेसूर गायलं आणि 'वा' कोण म्हणालं. लोक ज्याला खरखर म्हणतात, त्यातलं बरंचसं हेच असतं. शुक्रवार पेठेतल्या कोजागरीला आणि वांद्र्याच्या मैदानाला हा एकच नियम लागू आहे.

तेव्हा तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर या रविवारी उघडा. चुंबकी फीत कायमची नसते. दमटपणाने तिला बुरशी धरते, लेप सुटतो, आवाज एका थराचा दुसऱ्यावर उमटतो. चालू टेप मिळवा, कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, मग संगणकावर उतरवा. दोन्ही बाजू, अगदी शेवटपर्यंत. गाणं संपलं म्हणून मध्येच थांबवू नका. आणि पाठीवर तारीख, गाव, कोण गात होतं आणि टेप कुणी धरला होता ते लिहा. चकत्या शाबूत असतील तर आधी त्या मोडा.